याशनालची पहिली पायरी

ग्वाटेमालाच्या पूर्वेकडच्या डोंगरांत याशनाल नावाचे माया लोकांचे जुने नगर आहे. नगर म्हणजे आता उरलेला एक विस्तीर्ण दगडी चौक, त्याच्या कडेची ढासळलेली देवळे आणि त्यांत ताठ उभे असलेले एकच उंच देऊळ. त्याच्या जिन्याची पहिली पायरी डाव्या बाजूला झिजून खोलगट झाली आहे, तळहात मावेल एवढी. वर जाणारा प्रत्येक माणूस तिथे हात टेकतो, हलक्या आवाजात "आत आहेस ना?" असे विचारतो, श्वासभर थांबतो आणि मगच चढू लागतो. एखादा पाहुणा घाईत असला तर वाट दाखवणारे म्हातारे हासिंतो, ज्यांना सगळे ताता, म्हणजे आजोबा म्हणतात, ते त्याच्यापुढे काठी आडवी धरतात. का, म्हणून विचारले की काठी खाली ठेवून पायरीशेजारी बसतात आणि सांगू लागतात.

पूर्वी या जागी म्हणे एक लहानसे तांबडे देऊळ होते. त्याच्या दारावर चंद्रआजीचे मोठे मुख चुन्यात घडवलेले होते. चंद्रआजी ही बाळंतिणींची आणि विणकरणींची देवी. आता नवा राजा गादीवर आला की त्याने जुने देऊळ पोटात घेऊन त्यावर मोठे देऊळ बांधायचे, अशी तिथली रीत होती. मात्र त्याआधी जुन्या देवळाला निरोप द्यावा लागे. छप्पर उतरवायचे आणि देवाच्या मुखाचे नाक फोडायचे, म्हणजे त्याचा श्वास त्या वाटेने निघून जाई. निरोप न देता बुजवले तर देव जिवंत पुरल्यासारखे होई, आणि असा देव वरचे बांधकाम माणसांसकट खाली ओढतो, असे लहानथोर सगळे मानत.

हे काम अहतुन नावाच्या वृद्ध स्थपतीकडे आले. नगरातली निम्मी देवळे त्याच्या हातची. ग्रहताऱ्यांच्या चाली त्याला तोंडपाठ होत्या, पण स्वतःवर भरवसा म्हणून नव्हता. एकदा मोजलेले तो पुन्हा मोजायचा आणि मग मोजायच्या दोरीवरच संशय घ्यायचा. गवंडी हसायचे. त्यांचा मुकादम बोलोन तर तोंडावर म्हणे, "बाबा, घरी जाताना सावलीलाही दोरी लावून बघा, कमी भरायची."

निरोपाचा पहिला घाव स्थपतीनेच घालायचा असे. चौकात लोक जमले. मुखाभोवती चटयांचा आडोसा केला, कारण देवाचा श्वास जाताना कुणी पाहू नये. अहतुन गारगोटीचा हातोडा घेऊन आत गेला. हात उचलला, आणि नाकपुडीच्या कडेला त्याला अंगठ्याचा ठसा दिसला. तो त्याच्या बायकोचा होता. हे मुख साकनिकने घडवले होते, आणि ती जाऊन बरीच वर्षे झाली होती. ओल्या चुन्यात तिचा अंगठा उमटलेला तसाच राहिला होता.

अहतुनचा हात खाली येईना. बाहेर लोक कान लावून होते. शेवटी त्याने पायाजवळचा एक मोकळा दगड फोडला. आवाज झाला, लोकांनी माना झुकवल्या. मग मेलेल्या देवाला पांढरे करतात त्या रीतीप्रमाणे त्याने स्वतःच्या हाताने मुखावर गिलावा चढवला, इतका जाड की नाक फुटले की शाबूत, कुणाला कळू नये. मुख फोडले नव्हते, तिथे छपराला हात लावायलाही त्याचे मन घेईना.

"छप्पर उतरवू नका, आतून भरून घ्या," तो गवंड्यांना म्हणाला.

"आजवर उतरवत आलो, बाबा," बोलोन म्हणाला.

"यंदा नाही."

बोलोनने खांदे उडवले आणि माणसे कामाला लावली. तांबडे देऊळ दगडमातीने भरले गेले, त्याभोवती नवे चढत गेले, आणि अहतुनची झोप गेली. आपण माया केली की पाप? सगळे ज्ञान कोळून प्यायलो आणि एक घाव घालता आला नाही. रोज उजाडताना तो जिन्याशी यायचा, पहिल्या पायरीवर हात ठेवायचा आणि पुटपुटायचा, "आत आहेस ना?" हे तो देवीला विचारत होता की साकनिकला, ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते. आणि उत्तर होकारार्थी असेल तर आनंद मानावा की भ्यावे, हेही त्याला ठरवता येत नव्हते.

देऊळ पुरे झाले. पहिला अग्नी घेऊन वर जायचा मान स्थपतीच्या घरचा, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका लेकीचा, इश्कानचा होता. तिच्यामागे राजा. आदल्या दिवशी दुपारी अहतुनने तिला गाठले.

"पोरी, उद्या तू चढू नकोस. आजारी आहे म्हणून सांग."

"का?"

त्याने सगळे सांगून टाकले. इश्कान आईच्याच हाताखाली चुन्याचे काम शिकलेली. तिने ऐकून घेतले आणि हसू आवरत म्हणाली, "मला ठाऊक आहे, बाबा. नाकावर ढीग आणि कपाळावर पापुद्रा. असला गिलावा फुटक्या मुखावरही कुणी करत नाही. दुसऱ्या दिवशी आडोशात शिरून मीच तो सारखा केला. आईने पाहिला असता तर तुमच्या हातातली थापी काढून घेतली असती."

"आणि तुला भीती नाही वाटली?"

"तिला आपण मारले नाही. मग ती आपल्याला का मारील?"

अहतुन अंधार पडेपर्यंत नव्या जिन्याच्या पायऱ्या पुन्हा मोजत राहिला.

दुसऱ्या दिवशी शंख वाजले. इश्कान अग्नीचे भांडे घेऊन चढू लागली, राजा तिच्यामागे निघाला. ती बरीच वर गेली असेल नसेल, तोच जमीन हलली. काही जण सांगतात की धरणीकंप त्याच दिवशी झाला, काही म्हणतात नंतरच्या एका उत्सवात. पण झाला, यावर सगळ्यांचे एकमत आहे. चौकाची फरशी उसळली. चौकापलीकडची दोन देवळे खाली बसली. ती अहतुननेच बांधली होती, रीतीप्रमाणे, आधी सगळे उतरवून. धुळीत जिना दिसेनासा झाला.

अहतुन धडपडत पायरीपाशी आला. त्याने हात टेकला. दगड थरथरत होता. रोजच्या सवयीने, पण आज सगळा जीव एकवटून त्याने विचारले, "आत आहेस ना?"

वरून, धुळीतून, इश्कानचा आवाज आला. "आहे, बाबा. अग्नीपण आहे."

म्हातारा तिथेच बसला आणि लहान मुलासारखा रडला. धूळ खाली बसली तेव्हा देऊळ होते तसे उभे होते. पोटातले तांबडे देऊळ छपरासकट अखंड होते, त्याने म्हणे पाठीच्या कण्यासारखे वरचे सगळे तोलून धरले. राजा अंगावरची माती झटकत खाली उतरला. अहतुनने त्याच्यापुढे डोके टेकले आणि म्हणाला, "मी नाक फोडले नाही. शिक्षा मला द्या, गवंड्यांना काही ठाऊक नव्हते."

राजाने खाली वाकून पायरीवर अहतुनच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

"यापुढे कुणाचेच फोडायचे नाही," तो म्हणाला. "आणि वर जाताना तिला विचारून जायचे."

त्या रात्री अहतुन गाढ झोपला. उजाडले तरी उठला नाही, तेव्हा बोलोन दारात येऊन घोरणे ऐकून गेला, असेही सांगतात.

एवढे सांगून ताता हासिंतो उठतात आणि काठी बाजूला घेतात. कुणीतरी विचारतेच, "ताता, उत्तर आले नाही तर?"

"नाहीच येत," ते म्हणतात. "एकदा आले, ते अजून पुरते आहे. चढा सावकाश."

आजही त्या देवळाच्या पोटात काय आहे ते कुणी उघडून पाहिलेले नाही. आजही याशनालच्या आसपासच्या गावांत नवे घर बांधताना जुन्या भिंतीचा एक तरी तुकडा आत शाबूत ठेवतात. आणि आजही पायरीवर टेकलेला हात उचलताना, का कोण जाणे, माणसाला जरा हलके वाटते.