तांड्यानं गाळलेली नावं

एक होता तांडा. राजाही होता, पण त्याला बसू दे जरा. तांडा आधी.

हा तांडा बैलांवर कापडाचे गठ्ठे लादायचा आणि गोदेकाठच्या नगरातून निघून, घाट उतरून समुद्रावर जायचा. तिथे परमुलखातली गलबतं यायची. वाट लांब, मधे उजाड माळ. आणि ही वाट कुणी कुठे लिहून ठेवली नव्हती, बरं का. वाटेचं गाणं होतं. चालता चालता म्हणायचं.

त्या गाण्यात तांड्यातली मेलेली माणसं होती. कुणी वाटेत गेलं, की त्याची माणसं तिथेच जवळपास पाणी बघून एक लहानशी विहीर खणायची, वर शिळा ठेवायची. मग गाण्यात त्याच्या नावाचं कडवं घालायचं. कुठे वळायचं, कुठली शिळा सरकवायची, सगळं त्या कडव्यात. नाव आलं की तांडा थांबायचा, पाणी प्यायचा, पुढे जायचा.

तांड्याचा नाईक होता गोमा. त्याची आई नागाई. गोमा कडेवर होता तेव्हा नागाईची थोरली लेक माळावर तहानेनं गेली. पाणी पाणी करत गेली बिचारी. मग नागाईनं आपल्या हातांनी तिथे विहीर खणली. पाणी लागलं, पण पोर गेल्यावर. लेकीचं काही म्हणजे काही उरलं नाही, ना बांगडी, ना चिंधी. गाण्यातलं नाव तेवढं उरलं.

आता राजा. राजाला घाई फार. वारं फिरलं की गलबतं निघून जायची, आणि माल काठावर राहिला की याचं तोंड वाकडं. त्यानं गोमाला बोलावलं. म्हणाला, "तुमचा तांडा जागोजागी थांबतो म्हणे. ते बंद कर." गोमानं बंद केलं. ओढे भरलेले होते, कुणाचं काय अडलं? माल वेळेवर पोचला. राजानं चांदीचं कडं दिलं.

मग काही वर्षांनी राजा म्हणाला, "जुनी नावं काढून टाक. गाणं लांबलं की पावलं रेंगाळतात." गोमानं ती गाळली. दुसरं कडं मिळालं.

मग तिसऱ्यांदा राजा म्हणाला, "उरलेलीही काढ." तेव्हा मात्र नागाई लेकापुढे उभी राहिली.

"गोमा, तुझी बहीण आहे रे ती."

"आई, तिला जाऊन किती वर्षं झाली!"

"तेवढं एक ठेव. मी तुझ्याजवळ दुसरं काही मागितलंय का कधी?"

गोमा बैलावरचा गठ्ठा आवळू लागला. मग म्हणाला, "तू आता नगरातच राहा, आई. तू वाटेत म्हणायला लागशील आणि सगळे थांबतील."

झालं. नागाई मागे राहिली. वर्षांमागून वर्षं तांडा तिच्याशिवाय जाऊ येऊ लागला. म्हातारी माणसं एकेक करून गेली. शिळांवर माती चढली. गोमाही ती कडवी विसरला.

आणि मग एका वर्षी पाऊसच पडला नाही.

तांडा निघताना नागाई बैलाची दोरी धरून म्हणाली, "गोमा, निदान तुझ्या बहिणीचं कडवं ऐकून जा. माळावर लागेल." गोमा म्हणाला, "आल्यावर ऐकतो हं, आई." आणि गेला. सुना गेल्या, नातवंडं गेली.

नागाई वेशीवर बसून राहिली. परतायची वेळ टळली. मग तीच निघाली, एकटी, काठी टेकत, अख्खं गाणं म्हणत. नाव आलं की वळायची, माती उकरायची, शिळा कलती करायची, प्यायची. एकही विहीर आटली नव्हती.

मग माळ आला. लेकीचं कडवं आलं. दोन पळसांमधून ती मावळतीला वळली, काठीनं माती उकरली, शिळा कलती केली. आत गार पाणी. पण ती प्यायली नाही. तिथूनच तिला दिसलं होतं. हाकेच्या अंतरावर बैल पडलेले. कापडाचे गठ्ठे. आणि गठ्ठ्यांच्या आडोशाला तिची सगळी माणसं. गोमाही. कुणी उठलं नाही.

नागाई फार रडली. म्हणाली, "लेकीला पाणी मिळालं नाही, कारण ते नव्हतं. तुम्हाला रे काय झालं? ती तुमच्यासाठीच थांबली होती ना इथे?"

मग ती तिथेच राहिली. आल्यागेल्याला पाणी पाजायची, लेकीचं नाव सांगायची. "एवढं घेऊन जा रे," म्हणायची. लोक पाणी प्यायचे, हो हो म्हणायचे, आणि घाट उतरेपर्यंत विसरायचे. मग एक दिवस नागाईही गेली. राजाला दुसरे तांडे मिळाले, तो सुखात राहिला. वाटसरू त्या विहिरीचं पाणी पिऊन सुखरूप घरी पोचले. झाली गोष्ट. पाय पोटाशी घ्या आणि डोळे मिटा.

काय गं शकू? त्या पोरीचं नाव काय होतं म्हणतेस?

ते नाही गं मला ठाऊक. मीही विचारलं होतं माझ्या आजीला. तिलाही ठाऊक नव्हतं. झोप आता.