गाजर लागलेला नवरदेव

कवठेवाडीत भिवसेन नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती? तर कुणी "जरा थांब" म्हणून घरी निघून गेला, तरी हा तिथंच थांबलेला. ई-सेवा केंद्रात दाखले काढायचं काम मात्र त्याला उत्तम जमे. तिथं सांगितलं तेवढंच करायचं असतं. डोकं चालवणाऱ्याचीच पंचाईत होते.

भिवसेनाचं लग्न ठरलं. मुलगी शेजारच्या गावची, वैजयंता. ती उत्पन्नाचा दाखला काढायला आली होती आणि याच्याकडं बघून हसली होती. तेव्हापासून हा एकटा बसूनही हसायचा. लग्नाला तीन महिने होते.

आईमागे त्याला वाढवलं ते इंदूवहिनीनं. तिला दिराचा चेहरा खटकत होता. "दिवसभर त्या स्क्रीनसमोर बसून तोंड करपलंय तुझं," ती म्हणाली. "जा, अश्विनीताईंना विचार."

अश्विनीताईंचं औषधाचं दुकान होतं. त्यांनी एक केशरी मलमाची डबी दिली. डबीवर एक गोरीपान बाई होती आणि मुंगीएवढ्या अक्षरात पुष्कळ आश्वासनं होती.

"यात कॅरोटिनॉइड आहे," ताई म्हणाल्या. "गाजराला केशरी करतं ना, तेच. स्क्रीनचा निळा उजेड ते अडवतं, असं कंपनी म्हणते. गोरं-बिरं काही होत नाही, आधीच सांगते. तजेला येईल जरा. उन्हात टोपी घातलीस तर जास्त येईल."

"उजेड अडवतं?"

"हो."

"कळलं," भिवसेन म्हणाला. केंद्रात जाऊन त्यानं अर्धी डबी स्क्रीनला फासली. उजेड अगदी अडला. अक्षरंही अडली. एका शेतकऱ्याला सातबाऱ्याऐवजी कुणाचातरी मृत्यूचा दाखला मिळाला.

वहिनीनं कपाळाला हात लावला. "अरे, स्क्रीनला नाही! स्क्रीनसमोर जो बसतो, त्याला लावायचं. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी हरबाआबा आले. पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखला हवा होता. त्यासाठी स्क्रीनसमोर बसून चेहरा दाखवावा लागतो. आबा बसले. भिवसेननं उरलेली डबी त्यांच्या तोंडाला चोळली. मिशासुद्धा सोडल्या नाहीत. सरकारी यंत्रानं तीनदा बघितलं आणि तीनदा सांगितलं, हे हरबाआबा नाहीत. आबांनी शिव्या दिल्या. शिव्या मात्र ऐकताक्षणी ओळखू येत होत्या, हरबाआबांच्याच. पण सरकार चेहरा मागतं.

वहिनी आबांची माफी मागून आली. "लोकांच्या तोंडाला काही फासायचं नाही! त्या डबीत आहे तेच गाजरात आहे. गाजर खा आणि गप्प बस. कळलं?"

"कळलं."

भिवसेननं गाजरं खाल्ली. सकाळी किलोभर, संध्याकाळी किलोभर. खाऊन झालं की गप्प बसायचा. दोन महिने हे चाललं. दाखल्याला आलेली माणसं समोर उभी राहून ओरडत. हा गप्प. आणि हळूहळू भिवसेन पिवळा होत गेला. आधी तळहात, मग तळपाय, मग नाक.

अशात वैजयंताचे रावजीमामा लग्नपत्रिका दाखवायला आले. चहाचा कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"ह्याला हळद कुणी लावली?"

"कुणी नाही हो!" वहिनी म्हणाली.

"मला शिकवू नका. लग्नाला महिना आहे आणि पोरगा आत्ताच पिवळा! माणूस असा पिवळा दिसला की समजायचं, ह्याचं दुसरीकडं उरकलंय. तिथं पाणीसुद्धा प्यायचं नाही. उठायचं आणि चालू लागायचं!"

भिवसेन मान हलवत ऐकत होता. त्याला ते अगदी पटलं.

वहिनी धावत जाऊन अश्विनीताईंना घेऊन आली. ताईंनी मामांना बसवलं. "गाजराचा रंग आहे हा. खाणं बंद केलं की उतरेल."

मामांनी भिवसेनाचा तळहात अंगठ्यानं घासला, हुंगला. "महिन्यात उतरला तर लग्न. नाहीतर आमची पोरगी आम्हाला जड नाही."

गाजरं बंद झाली. वहिनी रोज सकाळी दिराला अंगणात उन्हाला धरून बघायची. "मामा काय म्हणाले, ध्यानात आहे ना?"

"शब्दन् शब्द," भिवसेन म्हणायचा.

रंग उतरला. हळदीचा दिवस आला. "डोळ्यांत जाईल, मीट डोळे," वहिनी म्हणाली. भिवसेननं मिटले. उघड असं कुणी म्हणालं नाही, म्हणून आंघोळ होऊन अंगावर कपडे चढेपर्यंत ते मिटलेलेच होते. त्याला लावून उरलेली हळद रीतीप्रमाणं नवरीकडं गेली. हे त्यानं काही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला. समोर वैजयंता उभी होती. गाल पिवळे, कपाळ पिवळं, हात कोपरापर्यंत पिवळे.

भिवसेनाचा चेहरा पडला. डोळ्यांत पाणी आलं. पण सांगितलेलं ऐकायचं, एवढं त्याला येत होतं. हातातला हार त्यानं वहिनीकडं दिला.

"चला वहिनी. हिचं दुसरीकडं उरकलंय."

"काय बोलतोस!"

"पाणीसुद्धा प्यायचं नाही. मामांनी सांगितलंय."

सगळा मांडव मामांकडं बघायला लागला. मामा फेट्यात तोंड लपवायला लागले.

"अहो," वैजयंता म्हणाली, "ही तुमचीच हळद आहे. तुमच्या अंगाला लावली, तीच मला लावली."

भिवसेननं विचार केला. भटजींनी घड्याळात बघितलं.

"माझी कशी असेल?" तो म्हणाला. "सगळ्या गावाला विचारा. मला लागलं होतं ते गाजर."

वैजयंता हसली. त्या दिवशी दाखल्याच्या खिडकीत हसली होती, तशीच. तिनं पुढं होऊन त्याच्या गळ्यात हार घातला, वहिनीच्या हातातला हार त्याच्याकडून आपल्या गळ्यात घालून घेतला आणि त्याचा शेला घट्ट धरला.

"आता इथून जराही हलायचं नाही. कळलं?"

"कळलं," भिवसेन म्हणाला.

सप्तपदीची सातही पावलं वैजयंता एकटीच चालली.