साखरीचा सरकारी नमुना

एक जंगल होतं. तिथे लोकशाही होती, म्हणजे दर निवडणुकीत रानडुक्कर सुळेश्वर महाराजच निवडून यायचे.

जंगलात अळंबी भरपूर, पण नावांचा नुसता गोंधळ. नदीच्या अलीकडे पांढऱ्या, चविष्ट अळंबीला ‘साखरी’ म्हणत. पलीकडे लाल ठिपक्यांच्या विषारी अळंबीला ‘साखरी’ म्हणत, कारण ती दिसायला गोड. भागाबाई साळिंदरीच्या पोराने पलीकडच्या बाजारातून साखरी आणून खाल्ली आणि ते मरता मरता वाचलं.

भागाबाई तडक दरबारात गेली. “महाराज, साखरी म्हणजे कोणती ते एकदाचं ठरवा. एक नमुना वाळवून पेटीत ठेवा. त्याच्याशी जुळेल ती साखरी, बाकीच्यांना दुसरी नावं द्या. माझी पोरं तरी जगतील!”

महाराजांना कल्पना फार आवडली. लगेच सोहळा ठरला, मंडप पडला, माकडांनी ढोल बडवले. महाराजांनी स्वतःच्या सुळ्याने नमुना उपटला. लाल ठिपक्यांचा. फोटोत तोच उठून दिसत होता.

“अहो, ती विषारी!” भागाबाई किंचाळली.

“नमुना चुकत नसतो, बाई,” प्रधान तरस म्हणाले. “त्याच्याशी न जुळणारी अळंबी चुकते.”

टाळ्या! “एक जंगल, एक साखरी!” पांढरी अळंबी बनावट ठरली आणि शिपाई ती दिसेल तिथे तुडवू लागले. भागाबाई पोरांना तीच खाऊ घालायची, बिळात लपवून.

जनतेची भीती घालवायला महाराजांनी भर सभेत टोपलीभर सरकारी साखरी खाल्ली आणि तिथेच आडवे झाले. तोंडाला फेस, चारही पाय वर.

“विष...” राजवैद्य घोरपड बोलायला गेली.

“साखरी पौष्टिक आहे,” तरस गुरगुरले. “नमुन्याची पेटी उघडून दाखवू?”

घोरपडीने महाराजांची नाडी सोडली. “मग महाराज ठणठणीत आहेत.”

“छान! मग हाच ठणठणीतपणाचा नमुना!” महाराजांना आहे तसे उचलून काचेच्या पेटीत ठेवलं. जो त्यांच्याशी जुळणार नाही तो आजारी, आणि आजाऱ्याची रवानगी थेट छावणीत. छावणीत जेवायला साखरी.

दुसऱ्याच दिवशी तपासणीचं पथक भागाबाईच्या दारात. अंगणात तिची पोरं हुंदडत होती, गालांवर तेज.

“पोरांनो, पडा रे!” भागाबाई ओरडली.

पोरं धपाधप पडली. पाय वर, तोंडाला थुंकीचा फेस. धाकटं तर इतकं सुरेख लोळलं की शिपायांनी त्याच्या शेपटीला ‘ठणठणीत’ असा बिल्ला लावला.

यंदाच्या अहवालानुसार जंगलातली सगळी प्रजा ठणठणीत आहे. छावणीत एकच रुग्ण उरलाय. महाराजांना पेटीत ठेवलं त्या दिवशी तो गावाला गेला होता, आणि साखरीला तोंड न लावता अजून उभा राहून प्रश्न विचारतो.