ज्याला ताप येत नव्हता

"…आणि तेही तुम्ही, बाबा? घरदार सुटलं, जमीन सुटली, मग ही मच्छरदाणी का सुटेना?"

अखेर विश्वंभरने विचारलंच. तीन वर्षं हा प्रश्न त्याच्या घशात अडकून बसला होता.

त्याचे गुरू चैतूबाबा ओसरीवर बसून मच्छरदाणी उलटसुलट करून बघत होते. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

"इथं भोक पडलं हाये," एवढंच म्हणाले. "सुई दे."

झालं! याला काय उत्तर म्हणायचं? विश्वंभरने सुई दिली, पण नाक मुरडूनच.

त्याचं स्वतःचं वागणं वेगळं होतं. डोंगरातल्या या आश्रमात आल्यावर त्यालाही एक मच्छरदाणी मिळाली होती. दुसऱ्याच दिवशी त्याने ती कुणाला तरी देऊन टाकली. साधूने उघड्यावर निजावं, असं त्याचं ठाम मत.

दुसरा नेम याहून कडक. आसपासच्या टोल्यांवर, त्या लहान पाड्यांवर, कुणी तापाने फणफणलं की हा त्या घरच्या अंगणात मुक्काम ठोकायचा. कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, पेज भरवायची, पाय चेपायचे, आणि रात्री तिथेच खाटेशेजारी अंग टाकायचं. माणूस उठून बसेपर्यंत हलायचं नाही. खोटं कशाला बोला, सेवा करावी तर त्यानेच.

आणि एवढं करून त्याला कधी साधी कणकणसुद्धा आली नाही! याच रानात वाढलेला गडी. लहानपणी दहा वेळा तापाने अंथरूण धरलेलं. पण मोठेपणी काही नाही. याची त्याला भारी ऐट.

"तापाला माझ्या अंगात जागाच नाही," तो चारचौघांत सांगायचा. "सगळी जागा नामाने भरली आहे."

आता यावर कोण काय बोलणार!

त्या सकाळीही त्याची झोळी भरून तयार होती. कोहकाटोल्याची राजे आज दवाखान्यातून घरी यायची होती. सात वर्षांची पोर. पोळ्यापासून तिसऱ्यांदा ताप आला आणि अंगातलं रक्तच आटलं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. विश्वंभरचा तिच्यावर फार जीव; आधीच्या दोन्ही तापांत तो तिच्याच अंगणात निजला होता. अजून एक ताप त्या पोरीला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी तिच्या आईला बजावून सांगितलं होतं.

म्हणूनच तर तो निघाला होता. यावेळी महिनाभर तिच्या उशाशी बसायचं, त्याचं ठरलं होतं.

तेवढ्यात जानोताई आली. गावची आशा सेविका. खांद्याला पिशवी, पायात चिखल.

"बाबा, अख्खा कोहकाटोला तपासला," ती टेकत म्हणाली. "त्रेसष्ट मानसं. चौदा जनांच्या रक्तात मलेरिया निघाला."

"चौदा जण आजारी?" विश्वंभर ताडकन उठला. "आणि मला कुणी कळवलं नाही?"

"आजारी तीनच. बाकीचे अकरा बांधीत धान कापून राहिले."

विश्वंभरला हसू आलं.

"ताई, ताप नाही, थंडी नाही, मग मलेरिया कसला? तुमच्या तपासणीच्या पट्ट्याच बिघडल्या असतील."

"लहानपनापासून ताप येऊ येऊ अंगाले सवय होते, बुवा. मानूस ठणठणीत दिसते, पन जंतू रक्तात बसून राहते. डास त्याले चावते, मंग शेजारच्या लेकराले चावते." तिने पिशवीतून डबी काढली. "राजेच्या अंगनात जे जे निजले, त्या साऱ्यांचं रक्त पाहाचं हाये. बोट द्या."

"मी?"

"तुम्हीच."

"अहो, मी तिची सेवा केली!"

जानोताईने डबीतून एक पट्टी काढली.

बाबांनी सुई मच्छरदाणीत टोचून ठेवली आणि स्वतःचं बोट पुढे केलं. "माह्यं घे आधी."

विश्वंभरला बाबांचीच लाज वाटली. म्हातारपणी माणूस जिवाला असा जपायला लागतो, त्याच्या मनात आलं. मग त्यानेही बोट दिलं. भिक्षा घातल्यासारखं, हसत हसत.

दोन पट्ट्या ओसरीच्या कडेला ठेवल्या. एक रेघ उमटली तर काही नाही. दोन उमटल्या तर आहे.

पंधरा मिनिटं थांबायचं होतं.

बाबांच्या पट्टीवर एक रेघ आली. एकच राहिली.

विश्वंभरच्या पट्टीवरही एक आली. तो झोळी उचलणार, एवढ्यात तिच्या खाली दुसरी दिसायला लागली. बारीक, फिकट. बघता बघता लालभडक झाली.

"पट्टी खराब आहे," तो म्हणाला. "दुसरी काढा."

तिने दुसरी काढली. दुसरं बोट टोचलं. पुन्हा पंधरा मिनिटं…

पुन्हा दोन रेघा.

विश्वंभरने हात कपाळाला लावून पाहिला. गळ्याला लावला, काखेत घातला. कुठे जराही कढत लागेना. अरे, निदान आता तरी अंग तापावं! पण कपाळ थंडगार होतं.

"कधीपासून आहे हे?"

"कोन सांगनार? महिन्यापासून असन. वर्षापासून असन."

वर्षापासून! त्याला एकेक अंगण आठवायला लागलं. नदीकाठची म्हातारी. तिचा नातू. वरच्या टोल्यावरचे ते दोघे भाऊ, एक उठला तर दुसरा पडला. घरात एकाचा ताप उतरला की दुसऱ्याला चढायचा, आणि विश्वंभरचा मुक्काम वाढायचा. लोक म्हणायचे, बुवा होते म्हणून निभावलं. तोही तेच म्हणायचा. छे, छे, छे… तो मटकन खाली बसला.

"ताई," त्याने मान वर केली. "राजेला… मी दिला?"

"तुम्हीच देल्ला, असं नाही सांगता येत. गावात अजून चौदा हायेत. तिच्या सोताच्या अंगातूनबी उलटून येऊ शकते." जानोताईने नजर वळवली. "पन उशाशी तुम्ही होते. आन तुमच्यावर मच्छरदानी नव्हती."

विश्वंभरने वळून बाबांच्या मांडीवरच्या त्या फाटक्या जाळीकडे पाहिलं. पाहतच राहिला.

"बाबा… ही तुम्ही तुमच्यासाठी लावत नव्हता?"

"बारा वर्सांमांगं माह्याबी दोन रेघा निघाल्या होत्या," बाबा म्हणाले. "तवा मी तुह्यापेक्षा मोठा साधू होतो."

"मग मला सांगितलं का नाही?" विश्वंभर ओरडलाच. गुरूंवर आवाज चढवल्याचंही त्याला भान राहिलं नाही. "तीन वर्षं! तीन वर्षं मी गावोगाव…"

"रोज सांजेले तुह्या डोळ्यांपुढे बांधत होतो." बाबांनी जाळीतली सुई काढली. "वाटलं, तुले उमजन. तोंडानं सांगाले पाहिजे होतं. चुकलो."

विश्वंभरला दुसरा धक्का बसला तो हा. बाबांनी हा शब्द उच्चारलेला त्याने कधी ऐकला नव्हता. त्याला रडावं की भांडावं कळेना…

जानोताईने गोळ्या मोजून कागदात बांधल्या. "चौदा दिवस. एकबी चुकवाची नाही. आजपासून. आन गोळ्या संपून मी पुन्हा तपासल्याबिगर राजेच्या अंगनात पाय ठेवाचा नाही."

"पण ती वाट बघेल माझी…"

"पाहू द्या. जित्ती राहील तर पाहील ना!"

तो शब्द त्याच्या काळजात घुसला. आता काय करायचं? काही तरी मोठं करायला हवं. एवढ्या पापाला तेवढंच मोठं प्रायश्चित्त! तो उठला, अंगणात गेला, सूर्याकडे तोंड करून त्याने हात जोडले.

"बाबा, तुमच्या साक्षीने सांगतो. राजे स्वतःच्या पायांनी धावायला लागेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. पाण्यावर राहीन. मेलो तरी चालेल."

त्याचा आवाज भरून आला होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. जानोताईसुद्धा क्षणभर अवघडून उभी राहिली.



बाबा उठले. गुडघे धरून, भिंतीला हात लावत आत गेले. आत भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात थाळी होती. भाताची मोठी मूद, वर वरण. आजवर त्यांनी शिष्याला कधी आपल्या हाताने वाढलं नव्हतं. त्यांनी थाळी विश्वंभरपुढे जमिनीवर ठेवली, शेजारी पाण्याचा गडू ठेवला, आणि कागदाच्या पुडीतून एक गोळी काढून थाळीच्या काठावर ठेवली.

विश्वंभर जोडलेले हात तसेच धरून बघत राहिला.

बाबा म्हणाले, "उपाशीपोटी चालत नाही हे गोळी. जेव."