चोरलेली नीळ

"दरबारासाठी आणलेली नीळ कोणीतरी घशात घातली आहे!" दिवाणजी गरजले. नाव त्यांनी घेतलं नाही, पण सगळ्यांच्या नजरा रंगारी रायाजीकडे वळल्या.

पुरावा समोरच होता. महालाची एक भिंत दिवाणजींच्या भाच्याने त्याच सकाळी रंगवली होती. ती जांभळासारखी गडद दिसत होती. समोरची रायाजीने आदल्या दिवशी रंगवलेली. ती फिकट, धुऊन विटलेल्या धोतरासारखी.

"महाराज, दोन्ही रंग ताडून बघा," दिवाणजी म्हणाले. "एक राजाला शोभणारा, एक धर्मशाळेला. चोराचे हात तोडा!"

रायाजीला चीड आली. जन्मात कुंचला न धरलेला माणूस त्याच्या हातांचा निकाल देत होता! भाच्याला खरं ठाऊक होतं, तरी तो खाली मान घालून उभा होता.

"काही सांगायचंय?" महाराजांनी विचारलं.

"सांगत नाही, सरकार. चोरलेली नीळ परतच करतो."

रायाजीने पाण्याची घागर उचलली आणि आपल्या भिंतीवर रिकामी केली. भिजलेला भाग बघता बघता समोरच्या भिंतीइतका गडद झाला.

"चुन्यातला रंग वाळला की फिका पडतो. दोन्ही भिंतींना रंग एकाच पिंपातला आहे," रायाजी म्हणाला. "दुपारपर्यंत ती भिंतही वाळेल. तेव्हा तिची नीळ कोणी नेली, ते दिवाणजींनाच विचारा."

दारावरचा पहारेकरी लगबगीने पुढे आला. "दिवाणजी, भाचेसाहेबांच्या भिंतीवर पहारा बसवू का?"