राजेसाहेबांचा रखडलेला जन्म

धामणगडचे राजे दुर्जयसिंह यांचा महालातला संगणक पुन्हा बंद पडला, आणि राजेसाहेब पुन्हा जन्मायचे राहिले.

राजेसाहेब स्वतःचे चरित्र स्वतःच लिहीत होते. आरंभी गणेशवंदना, मग कुलदैवताचे स्तवन, मग खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा. लेखणी आजोबांच्या लढाईपर्यंत पोहोचावी, पुढच्या पानावर राजेसाहेबांचा जन्म व्हावा, आणि नेमका तेव्हाच पडदा काळा व्हावा. मध्ये थांबून लिहिलेले जतन करणे राजेसाहेबांना कमीपणाचे वाटे. त्यामुळे दर वेळी पुन्हा गणेशवंदना.

राजवैद्यांनी यंत्राला काढा सुचवला. ज्योतिष्यांनी त्याची पत्रिका मांडून साडेसाती सांगितली. प्रधानांनी ते पूर्वाभिमुख केले. पडदा काळा तो काळाच.

खरे कारण सर्वांना दिसत होते. खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते, तशी महालात संगणकाचीही झाली. हळदकुंकू आणि झेंडूचा हार यांवर भागले असते. पण राजेसाहेबांनी त्याचा सत्कारही केला. जाड लोकरी शाल संगणकाच्या पेटीवर आपल्या हाताने पांघरली, पुढे नारळ ठेवला. त्या दिवसापासून पेटीच्या वाऱ्याच्या फटी झाकल्या गेल्या, आतला पंखा कण्हू लागला, आणि यंत्र तापून तापून आपोआप बंद पडू लागले. परंतु राजाने पांघरलेली शाल काढणे म्हणजे राजाचा अवमान, आणि धामणगडात अवमानाला तुरुंग होता.

अखेर राजेसाहेबांनी सखोबाला बोलावले. महालातली यंत्रे तोच दुरुस्त करी.

"उद्या सूर्यास्तापर्यंत आमचा जन्म झाला पाहिजे," राजेसाहेब म्हणाले. "न झाल्यास तू तुरुंगात."

"सरकार, तेवढी ती शाल..."

"शालीचे काय?"

"शोभते, सरकार," सखोबा म्हणाला.

घरी येऊन त्याने सगळे मुलीला सांगितले. येसू सुपात ज्वारी पाखडत होती.

"आबा, सरळ का नाही सांगितलंत?"

"सांगून तुरुंगात जायचं की न सांगता, एवढंच माझ्या हाती होतं, पोरी. न सांगता एक दिवस जास्त मिळाला."

येसूने सूप खाली ठेवले. "उद्या मी येते तुमच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे दरबारात उभे राहिले. कोपऱ्यात शालीखाली संगणक कण्हत होता. बाहेर आश्विनाचे ऊन रणरणत होते. येसूने मुजरा केला.

"महाराज, यंत्राला हात लावण्याआधी यंत्राच्या धन्याचा सत्कार करायचा असतो."

ही रीत राजेसाहेबांनी कधी ऐकली नव्हती, परंतु ती त्यांना तत्काळ पटली. येसूने काखेतली घोंगडी काढून त्यांच्या खांद्यांवर पांघरली.

"ही रयतेकडून," ती म्हणाली. मग दरबाराकडे वळली. "आणि आपणा सर्वांकडून काहीच नाही?"

प्रश्नच असा होता की कोणाला बसून राहणे परवडेना. प्रधान धावत जाऊन शाल घेऊन आले. राजवैद्यांनी दुलई आणली. ज्योतिष्यांनी आणखी एक शाल, मुहूर्त न पाहता. सेनापतींना काहीच मिळेना, तेव्हा त्यांनी दिवाणखान्यातला गालिचा उचलून आणला. ढिगाच्या वर राजेसाहेबांचे फक्त डोके उरले.

"आता महाराजांनी आपलं चरित्र ऐकवावं," येसू म्हणाली. "तोंडी."

राजेसाहेबांनी प्रसन्न होऊन गणेशवंदना आरंभली. खापरपणजोबांपाशी त्यांचे नाक लाल झाले. पणजोबांपाशी मिशा खाली आल्या.

"आणि मग आजोबांनी तलवार उपसली. तलवार... तलवार... पाणी."

एवढे म्हणून राजेसाहेब सिंहासनावर आडवे झाले. दरबार उठून उभा राहिला. येसूने वाकून पाहिले.

"आबा, आजोबांपर्यंतच आले," ती म्हणाली. "पडदा काळा."

तोंडावर पाणी मारताच राजेसाहेब शुद्धीवर आले आणि त्यांनी गालिच्यासकट सगळे भिरकावून दिले.

"कार्टे! आमचा छळ मांडलास?"

"छळ कसला, महाराज? मी तर सत्कार केला."

"याला सत्कार म्हणतात? आम्हाला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती."

"मग महाराजांनी एकदा ठरवून सांगावं," येसू म्हणाली. "हा सत्कार असेल, तर पुन्हा पांघरून बसावं, मंडळींची भाषणं अजून व्हायची आहेत. आणि ही शिक्षा असेल, तर त्या बिचाऱ्या यंत्राने गुन्हा काय केला?"

सखोबाने डोळे मिटून देवाचे नाव घेतले. राजेसाहेबांनी कोपऱ्यातल्या संगणकाकडे पाहिले. शालीखालून पंख्याचे कण्हणे ऐकू येत होते.

"प्रधानजी," राजेसाहेब हळूच म्हणाले, "हे तुम्हाला ठाऊक होते?"

"महाराज, मी ते पूर्वाभिमुख केले होते."

प्रथम राजेसाहेबांच्या मिशा हलल्या. मग पोट हलले. मग ते असे हसले की सेनापतींनी त्यांना धरून ठेवले. हसतहसतच ते उठले आणि त्यांनी यंत्रावरची शाल आपल्या हाताने उचलली. आतून आलेल्या उष्ण झोताने ज्योतिष्यांची पगडी उडाली.

सखोबाला अभय मिळाले. येसूला नदीकाठची आमराई मिळाली, पिढ्यान्‌पिढ्या. राजेसाहेब तिथल्या तिथे लिहायला बसले. आजोबांची लढाई संपली, पान उलटले, यंत्र चालूच राहिले, आणि सूर्य डोंगराला टेकायच्या आत राजेसाहेब जन्मले. प्रधानांनी महालभर पेढे वाटले.

सखोबा आणि येसू परत निघाले, तेव्हा दारावरच्या पहारेकऱ्याच्या हातातही पेढा होता. तो गोंधळला होता.

"काय झालं गं आत?"

"मुलगा," येसू म्हणाली.

आत राजेसाहेबांनी ते ऐकले, आणि त्यांना पुन्हा धरावे लागले.