टपाचे आठ बोल्ट

"दुसरी कुठली गाडी न्हाई व्हय, उस्ताद?"

"न्हाई."

"पण हीच का?"

 दस्तगीर उस्ताद खाटेवर बसले होते. दोन्ही हात मांडीवर, आणि दोन्ही हात थरथरत होते. वर्षभरात त्यांनी पाना धरला नव्हता.

मलकापुरातल्या त्यांच्या गॅरेजमागं, पत्र्याच्या शेडखाली ती जुनी जीप चोवीस वर्षं उभी होती. तिच्यावर लोखंडी टप. पावसाळ्यात चढवायचा, उन्हाळ्यात उतरवायचा, असा. टप आठ बोल्टांवर बसला होता आणि आठही गंजून चिकटले होते.

विचारणारा पारिस चौगुले. उस्तादांचा जुना चेला. आता कोल्हापुरात त्याचं मोठं गॅरेज होतं, जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारा म्हणून नाव होतं, पेपरात दोनदा फोटोही आला होता. नम्रपणा तेवढा यायचा राहिला होता.

तो पेटी मागायला आला होता. उस्तादांच्या पान्यांची पेटी. त्यांच्यात रीतच होती तशी. हात थकले की उस्ताद आपले पाने एकाच चेल्याला देतो, आणि मग त्या चेल्याला लोक उस्ताद म्हणतात. पेटी नसेल तर गॅरेज कितीही मोठं टाका, जुने मिस्त्री तुम्हाला दुकानदारच म्हणणार. पारिसला हे फार झोंबत होतं.

उस्तादांनी अट घातली.

"आठ बोल्ट काढ. कटर लावायचा न्हाई. एकाचंबी मुंडकं तुटता कामा नये. काढलंस तर पेटी तुझी."

"एवढंच?" पारिस हसला आणि बाह्या सरसावल्या.

खरं सांगायचं तर काम बघत बसावं असंच होतं. त्यानं कुठंही जोर केला नाही. आधी हातोडीनं प्रत्येक बोल्टला हलके ठोके दिले आणि कान लावून ऐकलं. मग गॅसच्या बारीक ज्योतीनं नट तापवला. ज्योत बाजूला घेतली आणि तापल्या नटाला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत उतरलं. मग पाना लावला आणि बोल्ट सोडवण्याऐवजी उलट आवळला. केसभर.

कर्रर्र...

"आधी आवळायचा, मग सोडवायचा," पारिस म्हणाला. "तुमचीच शिकवण."

"माझीच," उस्ताद म्हणाले.

पहिला बोल्ट सुटला. मग दुसरा, तिसरा. पारिसला बोलायला चेव आला.

"बघा, उस्ताद. थेंबभर ग्रीस न्हाई. सगळे कोरडे बसवलेत. याकूबचं काम असंच."

पारिसनं चौथ्या नटाला ज्योत लावली.

"कुठं असतो आता त्यो?"

"फाट्यावर. पंक्चर काढतो."

"बरं झालं. तेवढंच जमणार त्याला."

याकूब पारिसच्या बरोबरीचा चेला. दोघं एकाच साली आले, एकाच ताटात जेवले. उस्तादांच्या गॅरेजचे दोन नियम होते. बोल्ट ग्रीस लावूनच बसवायचा, कारण कधीतरी कुणालातरी तो काढावा लागतो. आणि बसवल्यावर त्याच्या मुंडक्यावर, कंपनीच्या अक्षराच्या बरोबर खाली, लोखंडी पंचनं आपला ठसा मारायचा. पारिसचा एक ठिपका, याकूबचे दोन. काम बिघडलं तर कुणाचं हे विचारायला लागू नये, म्हणून.

ही जीप एका डॉक्टरीणबाईंची. एका पावसाळ्याआधी टप चढवून घेऊन गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात उतरवायला आल्या, तर एकही बोल्ट हलेना. उस्तादांनी ठसे बघितले आणि याकूबला त्याच दिवशी घालवलं. तो एक शब्द बोलला नाही. जेवणाचा डबा उचलला आणि चालता झाला. बाईंची पुढं बदली झाली. जीप उस्तादांनी ठेवून घेतली, आणि त्या बोल्टांना कुणाला हात लावू दिला नाही.

दुपार कलली तेव्हा आठवा बोल्ट पारिसच्या तळहातावर होता. एकही मुंडकं तुटलं नव्हतं. त्यानं आठही बोल्ट फडक्यावर ओळीनं मांडले, हात पुसले आणि खाटेजवळच्या पेटीकडं वळला.

उस्तादांनी तारेचा ब्रश पुढं केला.

"घास."

"काय?"

"मुंडकी. घास."

"उस्ताद, काम झालंय न्हवं..."

"घास."

पारिसनं घासलं. गंज पडला. दोन ठिपके. दुसऱ्यावर दोन. आठही बोल्टांवर दोन दोन.

"दोनच हायत," तो म्हणाला. जरा मोठ्यानंच म्हणाला. "याकूबचेच. मी काय वेगळं सांगतोय?"

"उजेडात धर. अक्षर वर ठेवून."

त्यानं धरला.

"ठिपके कुणीकडं कललेत?"

"डावीकडं."

"आन् याकूबचे?"

याकूब डावरा होता. हातोडी डाव्या हातात धरायचा. त्याचा ठिपका कायम उजवीकडं कललेला यायचा. डावीकडं कलायचा तो पारिसचा.

 पारिसला ती सकाळ आठवली. बाई घाई करत होत्या. ग्रीसचा डबा रिकामा झाला होता. बाजारातून आणायला दहा मिनिटं लागली असती, आणि त्याला त्या दहा मिनिटांचा कंटाळा आला. बोल्ट कोरडेच बसवले. मग भीती वाटली. मग पंच हातात घेतला आणि एकाच्या जागी दोनदा हाणला.

"कधी कळलं तुमास्नी?"

"बाई टप काढाया आल्या, तवाच."

"याकूबला घालवायच्या आधी?"

"आधी."

चोवीस वर्षं ही गोष्ट पारिसनं कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही. आता त्याला लाज वाटायला हवी होती. ती वाटलीच, पण त्याहून जास्त राग आला. समोर बसलेल्या या म्हाताऱ्याचा राग.

"मग मला का न्हाई घालवलंत? काय बी न केलेल्याला का?"

उस्तादांनी पायानं पेटी पुढं सारली. ती फरशीवर खरखरत पारिसच्या पायाशी येऊन थांबली.

पारिसनं तिला हात लावला नाही.

"बोला की, उस्ताद. त्याला का?"

"तुझा हात चांगला हुता रं. त्याच्यापेक्षा."